दुर्बिणीतून

"दुर्बिणीतून आहे हो, घाबरायचं काही कारण नाही."

हे वाक्य मी आजवर किती जणींना ऐकवलंय याची मोजदाद नाही. शेजारणीला ऐकवलं, धाकट्या जावेला ऐकवलं, मंडळातल्या मैत्रिणींना ऐकवलं. दवाखान्याच्या बाकावर बसून दुसरीला धीर देताना हे वाक्य आपोआप तोंडात येतं. पण गेल्या वर्षापासून मी ते म्हणायचं सोडून दिलंय. का सोडलं, ते सांगण्यासाठी हा लेख. एका शब्दाची ही उलटतपासणी आहे, आणि त्यात पहिली आरोपी मीच आहे.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. वय बहात्तर. ओवा झाला, हिंग झालं, शेकणं झालं. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टर घाईत होते. रिपोर्ट उजेडाकडे धरून म्हणाले, "दुर्बिणीतून करून टाकू. छोटंसं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी." आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुर्बिणीतून आहे, आत्याबाई. काही नाही." त्यांनी मान डोलवली. संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली.

त्या दिवशी घरी शेजारच्या काकू आल्या. आत्याबाई सहज म्हणाल्या, "माझं दुर्बिणीचं ऑपरेशन हाय सोमवारी." काकू आधी गप्प झाल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "अगं बाई, या वयात? आता कशाला की?" मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं. काकूंच्या पिढीला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे एकच ठाऊक, मुलं बंद करायचं! त्यांच्या तरुणपणी सरकारी शिबिरं व्हायची, बायका रांगेनं झोपायच्या, संध्याकाळी घरी यायच्या. 'टाक्याचं केलंस की दुर्बिणीचं?' हा प्रश्न तेव्हा बाळंतिणीला सर्रास विचारत. आम्ही तिघी त्या दिवशी पोट धरून हसलो. खरं तर तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. एका शब्दाचे एका घरात दोन अर्थ निघाले, तर तिसराही निघू शकतो, हे बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईला सुचू नये?

तिसरा अर्थ निघाला तो ऑपरेशननंतर. आत्याबाई शुद्धीवर आल्या, पोटावर हात फिरवला. बेंबीजवळ एक पट्टी, वर बरगड्यांच्या बाजूला तीन. खांदाही दुखत होता. बराच वेळ त्या छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भोकं पाडलीत की."

मी म्हटलं, "हो, छोटी छोटी आहेत."

"आणि खडे?"

"खडे काढले. पिशवीच काढली, खड्यांसकट."

"पिशवी काढली?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला वाकून ऐकावं लागलं. "दुर्बिणीतनं म्हणालीस न्हवं? मला वाटलं नुसतं बघत्यात. कुठं हायत ते बघून ठेवत्यात, मग औषध देत्यात."

त्यांना आधी वाटलं गर्भाची पिशवीच काढली. ती नव्हे, पित्ताची, हे समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली. ते समजल्यावरही त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. ऑपरेशन उत्तम झालं होतं. दुखणं गेलं होतं. डॉक्टरांच्या हाताला त्यांनी कधीच नाव ठेवलं नाही. त्यांची तक्रार वेगळी होती, आणि ती त्यांनी घरी आल्यावर आठव्या-नवव्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता सांगितली.

"भूल देऊन झोपवणार, पोटात हत्यार घालणार, हे मला म्हाईत असतं तर मी बस्तीत जाऊन दर्शन घेऊन आले असते. नियम घेतला असता. घरातल्या समद्यांना क्षमा मागून गेले असते. उठले, बरं झालं. न्हाई उठले असते तर?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्या घरांत वाढलेल्या कुणालाही या वाक्याचं वजन कळेल. वर्षातून एकदा आपण हात जोडून एकमेकांची क्षमा मागतो, ती एरवी पुढचं वर्ष दिसेलच या भरवशावर. पण ज्या दारातून परत येण्याची खात्री नाही, त्या दारात शिरण्याआधीची क्षमा वेगळी. ती मागण्याची संधी आत्याबाईंकडून गेली. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नव्हतं, मीही नव्हतं. एका शब्दानं ती घालवली, आणि तो शब्द मी त्यांच्या हातात ठेवला होता.

त्यानंतर मी त्या शब्दाच्या मागेच लागले.

दुर्बीण हा शब्द मूळचा फारसी. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. हिंदीत तमाशा बघणाऱ्याला तमाशबीन म्हणतात, त्यातला 'बीन' तो हाच. सूक्ष्मदर्शकाला उर्दूत खुर्दबीन म्हणतात. खुर्द म्हणजे लहान, आपल्या गावांच्या नावांत बुद्रुक आणि खुर्द असतं तेच. म्हणजे दूरचं बघणारी दूरबीन आणि बारीक बघणारी खुर्दबीन. आपण मराठीत पहिली घेतली, दुसरी घेतलीच नाही. फारसीतला दूर आणि संस्कृतातला दूर हे एकाच जुन्या घरातले, अर्थही एकच, त्यामुळे शब्द परका वाटला नाही. मराठीनं नेहमीप्रमाणे 'न'चा 'ण' केला आणि तो घरचा झाला.

पण घरचा होताना एक गंमत झाली. हिंदीत 'दूरबीन' लिहितात, दीर्घ. आपण 'दुर्बीण' लिहितो, ऱ्हस्व. त्यामुळे हिंदीवाल्याला त्या शब्दात 'दूर' दिसतं, आपल्याला दिसत नाही. मला तर शाळेत असताना दुर्जन, दुर्गुण, दुर्बल यांच्याच रांगेतला तो शब्द वाटायचा. हे काहीतरी वाईट बघायचं यंत्र असावं, अशी समजूत. म्हणजे बघा, ज्या यंत्राचं सगळं काम लांबचं बघणं, त्याच्या नावातून 'लांब' हा अर्थच आपल्या कानाला ऐकू येईनासा झाला. मराठी माणसाला दुर्बीण म्हणजे डोळ्याला लावून बघायची नळी, एवढंच उरलं. बघणं राहिलं, अंतर गेलं.

युरोपातही या यंत्राला नाव मिळायला थोडा वेळ लागला होता. १६०८ मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरशे नावाच्या चष्मेवाल्यानं त्याच्या हक्कासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. पुढच्या वर्षी गॅलिलिओनं इटलीत स्वतःची दुर्बीण बनवून आकाशाकडे वळवली, आणि १६१० मध्ये गुरूभोवती फिरणारे चार चंद्र जगाला सांगितले. तोपर्यंत 'टेलिस्कोप' हा शब्दच नव्हता. १६११ मध्ये रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तिथं दिमिसियानी नावाच्या ग्रीक विद्वानानं तो सुचवला असं सांगतात. टेले म्हणजे दूर, स्कोपेइन म्हणजे पाहणे. फारसीत जे दूर आणि बीन, तेच ग्रीकमध्ये टेले आणि स्कोप. आणि मौज म्हणजे आपला 'दूरदर्शन' हा शब्दही त्याच अर्थाचा. तेही दूर पाहणंच. पण टीव्हीला कुणी दुर्बीण म्हणत नाही आणि दुर्बिणीला कुणी दूरदर्शन म्हणत नाही. शब्द एकाच अर्थाचे असले तरी आपापली कामं वाटून घेतात.

आता बोलण्यात या शब्दानं काय काय कामं केली ते बघू. आपल्या बायकांच्या बोलण्यात दुर्बीण पहिली येते ती टोमण्यातून. "भाजीत काजू दुर्बीण घेऊन शोधावे लागतात," असं लग्नाच्या पंगतीत कोण म्हणालेलं नाही? इथं दुर्बीण म्हणजे कमतरता. दुसरा उपयोग पाळतीचा. "समोरची दुर्बीण लावून बसलेली असते खिडकीत." सुनेच्या चुका सासू दुर्बिणीतून बघते, असंही आपण म्हणतो. हे दोन्ही उपयोग मला आवडतात, कारण ते खरे आहेत. दुर्बीण म्हणजे न दिसणारं बघण्याचा खटाटोप, आणि बोलणाऱ्या बाईनं तो नेमका पकडलाय. ऐकणाऱ्याची फसवणूक होत नाही. काजू शोधायला कुणी खरंच दुर्बीण आणणार नाही हे दोघींना ठाऊक असतं.

शास्त्रातही हा शब्द पुष्कळ ताणला गेलाय. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथं गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, माळरानावर दूरदूर पसरलेल्या. आम्ही एकदा शिखरजीला नव्हे, ओझर-लेण्याद्रीच्या बाजूला पाहुण्यांकडे गेलो होतो, तेव्हा रस्त्यावरून त्या तबकड्या दिसल्या. भाचा म्हणाला, "मामी, ही दुर्बीण." मी म्हटलं, "डोळा कुठं लावायचा रे?" तर डोळा लावायचाच नाही! आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या आणि संगणकानं त्यांचा अर्थ लावायचा. बघणं असं त्यात काहीच नाही, तरी नाव दुर्बीण. पण याबद्दल माझी तक्रार नाही. लांबचं जवळ आणणं हे काम तिथंही चाललंय. शब्दाचा आकार बदलला, त्याचा धर्म बदलला नाही.

याच्या उलट इंग्रजीतल्या 'टेलिस्कोप'चं झालं, आणि तो शब्द तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलाय. गेल्या दिवाळीआधी आम्ही ओट्याखाली ड्रॉवर करून घेतले. सुतार म्हणाला, "वहिनी, साधं चॅनल लावू की टेलिस्कोपिक?" मी चकित. माझ्या डाळीच्या डब्यांचा आणि आकाशाचा संबंध काय? त्यानं ड्रॉवर ओढून दाखवला. एका पट्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी सरकत बाहेर आली आणि ड्रॉवर पुरता उघडला. जुन्या खलाशांच्या दुर्बिणीच्या नळ्या अशाच एकात एक सरकायच्या. रेडिओचा अँटेना आपण ओढून लांब करायचो तोही तसाच. इंग्रजीनं दुर्बिणीचं बघणं बाजूला ठेवलं आणि तिचं मिटणं उचललं. त्यामुळे तिथं हा शब्द क्रियापदही झाला. रेल्वेच्या अपघातात डबे एकमेकांत घुसले की इंग्रजीत ते 'टेलिस्कोप' झाले म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांत सरळ 'डबे एकमेकांत घुसले' असं छापून येतं, आणि मला ते जास्त चांगलं वाटतं. वाचताना काळजात चर्र होतं, आणि व्हायलाच हवं. आपल्या रेल्वेच्या भाड्यालाही 'टेलिस्कोपिक' म्हणतात. जितकं लांब जाल तितका दर किलोमीटरमागं कमी होत जातो, म्हणून एकच लांबचं तिकीट तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं.

मानसशास्त्रातही हा शब्द आहे. जुनी गोष्ट परवाच घडल्यासारखी वाटते, मधली वर्षं एकात एक मिटून जातात, त्याला तिथं 'टेलिस्कोपिंग' म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला आत्याबाई आठवल्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या नणंदेबद्दल त्या "परवा परवा गेली" म्हणतात. त्यांची ही नळी कायम मिटलेलीच असते. त्यात चूक काही नाही. दुःख जवळचं असलं की वर्षं मोजायची नसतात.

तर हे सगळे उपयोग प्रामाणिक आहेत. सुताराचा आहे, शास्त्रज्ञाचा आहे, पंगतीतल्या बाईचाही आहे. मग दवाखान्यातल्या दुर्बिणीवरच माझा राग का?

आधी तिची बाजू मांडते, नाहीतर अन्याय होईल. पोटातल्या या शस्त्रक्रियेला इंग्रजीत लॅपरोस्कोपी म्हणतात. लॅपारा म्हणजे ग्रीकमध्ये कूस, पोटाची मऊ बाजू. स्कोप तोच, पाहण्याचा. स्वीडनच्या याकोबेउस या डॉक्टरनं १९१० मध्ये माणसाच्या पोटात अशी नळी घालून पाहिलं आणि हे नाव दिलं. तेव्हा खरंच नुसतं बघायचं असे. पुढेही बरीच वर्षं डॉक्टर त्या नळीला स्वतःचा डोळा लावूनच बघत. आजही शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या भिंगांच्या नळीला डॉक्टरमंडळी 'टेलिस्कोप' म्हणतात. तेव्हा मराठीत कुणी तिला दुर्बीण म्हटलं ते अडाणीपणानं नव्हे. उलट सामान्य माणसाला चटकन कळावं म्हणूनच म्हटलं. आणि या पद्धतीनं बायकांचं भलंही खूप केलंय. पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढायची सुरुवात आपल्या देशात १९९० मध्ये मुंबईत डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी केली. त्याआधी याच आजारासाठी पोटावर वीतभर चीर घ्यावी लागे आणि बाई महिनाभर अंथरुणाला खिळे. महिनाभर बाई झोपली की घराचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आत्याबाई दहाव्या दिवशी तांदूळ निवडत होत्या, हे त्या दुर्बिणीचेच उपकार.

पण १९१० ची दुर्बीण आणि आजची यांच्यात फरक पडला. तेव्हा ती बघत होती, आता ती कापते. खरं तर कापते ती दुर्बीण नव्हे. एका भोकातून दुर्बीण जाते, बाकीच्या भोकांतून कात्री, चिमटे, क्लिपा जातात. पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात, आत काम करायला जागा व्हावी म्हणून. आत्याबाईंचा खांदा दुखत होता तो त्या वायूमुळे. पूर्ण भूल देतात. आणि काही वेळा आत गेल्यावर चिकटलेलं किंवा रक्तस्राव होताना दिसलं, तर पोट उघडून नेहमीसारखी चीर घ्यावी लागते. संमतीपत्रावर ते लिहिलेलंही असतं. एवढ्या सगळ्या सरंजामातून आपण नावासाठी उचललं काय, तर त्यातलं सगळ्यात निरुपद्रवी हत्यार. जे फक्त बघतं ते. शिवाय पुढे प्रत्ययही कसा, तर 'दुर्बिणीतून'. जणू कुणीतरी लांब उभं राहून डोळा लावणार आहे.

आणि शेजारी जोडीला 'पिशवी'. हाही असाच गोड शब्द. भाजीला न्यायची ती पिशवी, दुधाची ती पिशवी, आणि बाईच्या पोटातलीही पिशवी. रिकामी झाली की टाकून द्यायची वस्तू. "दुर्बिणीनं पिशवी काढून टाकली," हे वाक्य आपण ज्या सहजतेनं म्हणतो, त्या सहजतेनं आपण दात काढल्याचंही सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याची बातमी २०१९ मध्ये आली, तेव्हा महाराष्ट्रात डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागं गरिबी होती, मजुरी बुडण्याची भीती होती, आणखी पुष्कळ काही होतं. ते सगळं एका शब्दामुळे झालं असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण मला राहून राहून वाटतं, की 'गर्भाशय' असा पुरता शब्द उच्चारला असता तर एखादी तरी क्षणभर थांबली असती. विचारलं असतं, का काढायचं? 'पिशवी' म्हटल्यावर तो प्रश्नच मनात येत नाही.

लहानपणी जत्रेत मिळालेली खेळण्यातली दुर्बीण आम्ही भावंडं उलटी धरायचो. मग शेजारी उभी असलेली आईसुद्धा लांब, इवलीशी दिसायची. आम्हाला ते फार आवडायचं. दवाखान्यात आपण हा शब्द असाच उलटा धरतो. जी गोष्ट अगदी जवळची, स्वतःच्या पोटातली, ती लांबची आणि इवलीशी करून दाखवतो. डॉक्टर धरतात ते वेळ वाचवायला. आपण धरतो ते धीर द्यायला. हेतू दोघांचाही चांगला. पण बघणाऱ्या बाईला खरं दिसत नाही ते नाहीच.

पर्युषणात प्रवचन ऐकताना भाषा समितीचा विषय दरवर्षी निघतो. बोलणं हिताचं असावं, मोजकं असावं, प्रिय असावं, आणि त्यात संदेह नसावा. समिती पाळायची ती मुनींनी, आपण श्रावक-श्राविका त्यातलं जमेल तेवढं घ्यायचं, असं आपण धरून चालतो. मी आजवर त्यातलं 'प्रिय' आणि 'मोजकं' एवढंच घेत आले. कडू बोलू नये, फार बोलू नये. आपल्याला लहानपणापासून शिकवतातही तेवढंच. पण 'दुर्बिणीतून आहे, काही नाही' हे माझं वाक्य मोजकं होतं, प्रिय होतं, आणि तरीही समितीत बसणारं नव्हतं. कारण त्यात संदेह होता. ऐकणारीनं एक समजावं आणि घडावं दुसरं, अशी जागा मी त्यात ठेवली होती. न कळत ठेवली, पण ठेवली. शिवाय त्यातलं 'काही नाही' हे तर सरळ असत्यच होतं. काहीतरी होतंच. बहात्तर वर्षांच्या देहाला भूल देणार होते.

मग आता 'दुर्बीण' शब्द टाकून द्यायचा का? तसं मी म्हणणार नाही. 'उदरदर्शक' असा शब्द आहे खरा, पण तो आत्याबाईंना सांगितला असता तर त्यांनी मला शेजारच्या काकूंकडे जाऊन अर्थ विचारायला लावला असता. आणि त्यातही 'दर्शक' आहेच, पुन्हा बघणंच. 'लॅपरोस्कोपिक' म्हणणं हा तर शुद्ध पळ काढणं झाला. त्यातून कुणालाच काही कळत नाही, आणि न कळल्याची लाज वाटून कुणी विचारतही नाही. त्यापेक्षा दुर्बीण परवडली. निदान ती ओळखीची आहे. फक्त तिच्यावर वाक्य संपवायचं नाही. 'दुर्बिणीतून' म्हटलं की पुढचं क्रियापद पुरं करायचं. दुर्बिणीतून बघणार, की दुर्बिणीतून बघत बघत काढणार? काढणार तर काय काढणार? सगळं की थोडं? भूल कसली? भोकं किती? पोट उघडायची वेळ आली तर? एवढं विचारायला डॉक्टरांची पाच मिनिटं लागतात. आणि संमतीपत्र इंग्रजीत असेल तर सही करायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. बेळगावात आपल्याला मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांतून वाट काढायची सवय आहे. भाजी घेताना आपण चारही वापरतो. मग स्वतःच्या पोटाबद्दल विचारताना एकही का आठवू नये?

यंदा आषाढात माझ्या धाकट्या जावेला ओटीपोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून बघू. मी, जाऊ आणि आत्याबाई तिघी गेलो होतो. मी तोंड उघडणार इतक्यात आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. पदर सावरला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "नुसतं बघणार की काढणार?"

डॉक्टर थांबले. हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, आधी फक्त बघणार. काही निघालं तर तुम्हाला सांगून, विचारून मग पुढचं."

"भूल?"

"हो. पूर्ण भूल द्यावी लागेल."

"मग परवा द्या तारीख," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या हिला किल्ल्यातल्या बस्तीत घेऊन जायचं हाय."